दोन हजार चारशे सासूबाई

अकरा वर्षांत माझा एकही माणूस चुकलेला नाही!

हे मी छातीठोकपणे सांगतो. विमानतळावर पासपोर्ट तपासणी संपते तिथून चार पावलांवर, जमिनीवर एक निळी पट्टी चिकटवलेली आहे. त्या पट्टीशेजारी मी अकरा वर्षं उभा आहे. हातात माणसं मोजायचं छोटं यंत्र. आम्ही त्याला टकटक्या म्हणतो. माणसानं पट्टी ओलांडली की अंगठा दाबायचा. टक्. पुढचा आला, टक्. दीडशेवा आला की त्याला थांबवायचं, हसायचं आणि विचारायचं, "कुठून आलात? कशासाठी आलात? किती दिवस राहणार?"

तुम्हाला वाटत असेल, पासपोर्टवर शिक्का मारतात त्यातून सरकारला सगळं कळतं. काही कळत नाही! शिक्का मारणारा शिक्का मारतो. माणूस लग्नाला आलाय, धंद्याला आलाय की बायकोवर रुसून आलाय, हे शिक्क्याला काय ठाऊक? ते मी विचारतो. 'यंदा परदेशातून इतके लाख लोक आले, त्यातले इतके हजार फिरायला आले' असं सरकार ठणकावून सांगतं ना? ते माझ्या अंगठ्यातून निघतं!

आणि दीडशेवा म्हणजे दीडशेवाच. चेहरा बघून निवडायचं नाही. एकदा दीडशेवा म्हणून झोपमोड झालेला पहिलवान आला. विचारलं! एकदा कडाकडा भांडणारं जोडपं आलं, त्यातली बायको दीडशेवी. दोघांच्या मधे उभं राहून विचारलं. 'प्रवासाचा हेतू' या प्रश्नावर भांडण नव्यानं पेटलं, तरी विचारलं! एक गृहस्थ स्वच्छतागृहाकडे पळत सुटले होते. मी बरोबरीनं पळालो आणि उरलेले चार प्रश्न दाराबाहेरून विचारले. उत्तरं आली. जरा तुटक आली, पण आली.

अशा माणसाकडे ऑफिसनं लेखी खुलासा मागावा? माझ्याकडे?

खुलाशाचा छापील नमुना असतो. त्यात सहा प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला दोन ओळी जागा. दोन ओळी! इथे माणसाच्या आयुष्याचं वाटोळं झालंय आणि जागा दोन ओळी! म्हणून मी कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे 'सविस्तर उत्तर अन्यत्र' असं लिहून दिलं. अन्यत्र म्हणजे इथे. प्रश्न त्यांचेच आहेत. उत्तरं तुमच्यापुढे मांडतो, न्याय तुम्हीच करा.

प्रश्न १. घटनेच्या वेळी आपल्या नोकरीबाबत काही विशेष परिस्थिती होती काय?

होती. खुर्ची.

पट्टीपासून दहा पावलांवर आमच्या मुख्य पर्यवेक्षकांची खुर्ची आहे. चाकांची, मऊ पाठीची, बाजूला दांडी ओढली की वरखाली होणारी. तिच्यात बसतात ते आमचे साहेब. त्यांना सगळे 'सरासरी साहेब' म्हणतात, कारण त्यांचं सगळं सरासरीत असतं. "घरी कोण कोण?" विचारलं तर "सरासरी साडेतीन" असं सांगतात. धाकटा अजून कॉलेजच्या वसतिगृहात आहे म्हणून.

तर सरासरी साहेब वरच्या ऑफिसात जाणार होते आणि खुर्ची रिकामी होणार होती. त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, "या तिमाहीचे आकडे सुरळीत जाऊ द्या. खुर्ची तुमचीच. मोजणीत शून्य चुका असलेला दुसरा माणूस आहे कुठे आपल्याकडे?"

अकरा वर्षं उभं राहून माझ्या टाचांचे दगड झालेत हो! झोपेतसुद्धा पाय उभे असल्यासारखे दुखतात. मी रोज त्या खुर्चीकडे असा बघायचो, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

प्रश्न २. मुलाखत दिलेल्या व्यक्तीशी आपले नाते आहे काय? (हो / नाही)

हो किंवा नाही! नात्याचं उत्तर इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

त्या दिवशी माझ्या सासूबाई पंधरा दिवसांसाठी येणार होत्या. सासरे गेल्यापासून त्या तिकडे, त्यांच्या देशात, एकट्या राहतात. सकाळीच बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आतच असता तर आईची बॅग तरी घ्या."

मी ताठ मानेनं म्हणालो, "ड्यूटीवर मी कुणाचा जावई नाही."

"घरी तरी कुठे असता!" असं म्हणून ती विमानतळाच्या बाहेरच्या दारापाशी जाऊन थांबली.

विमान उतरलं. माणसं यायला लागली. टक्, एकशे सत्तेचाळीस. टक्, एकशे अठ्ठेचाळीस. मान वर केली तर समोर सासूबाई! ढकलगाडीवर तीन बॅगा, वर एक पत्र्याचा डबा, डोळ्यांवर चष्मा. पंधरा दिवसांसाठी तीन बॅगा! पण मी मोजत होतो. टक्, एकशे एकोणपन्नास. सुटलो! एका आकड्यानं वाचलो! त्यांच्या मागे कोटातला एक उंच माणूस होता. तो माझा दीडशेवा.

"अगंबाई, जावईबापू!" सासूबाई आनंदानं ओरडल्या आणि लगेच म्हणाल्या, "थांबा, छत्री राहिली." वळल्या, मागच्या कठड्याला टेकवलेली छत्री उचलली आणि कोटवाल्याच्या पुढे घुसून परत आल्या.

टक्. एकशे पन्नास.

कोटवाला माझ्याकडे बघून हसला आणि सुटलेल्या वासरासारखा निघून गेला. माझ्यासमोर उरल्या सासूबाई.

नियम म्हणजे नियम. नातेवाइकाची मुलाखत घेऊ नये असं आमच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. दीडशेव्याला सोडू नये असं मात्र सात ठिकाणी लिहिलंय. मी माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं आणि घसा खाकरला. "नमस्कार. आपली या पाहणीसाठी निवड झाली आहे."

"माझी? कुणी केली?"

"आकड्यानं केली."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आत्ता तुम्ही कोण? जावई की सरकार?"

"सरकार," मी म्हणालो.

"आणि हे कुणाला कळणार नाही ना?"

"आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील."

"माझ्या लेकीला?"

"नाही कळणार."

"जावयाला?"

मी फॉर्मकडे बघितलं. "नाही."

"मग विचारा. सरकारला खोटं सांगायची माझी पद्धत नाही."

मी प्रश्नावर बोट ठेवलं. "मुक्काम... पंधरा दिवस लिहितो."

"थांबा! पंधरा दिवस लेकीला सांगितलेत. एकदम खरं सांगितलं असतं तर तिनं 'बघू, विचारून सांगते' म्हटलं असतं. तो शेवटचा चौकोन कसला?"

"बारा महिन्यांहून अधिक."

"त्यात फुली मारा. कागदपत्रं सगळी त्या हिशेबानंच केलीत."

मी फुली मारली, ती फुली कमी आणि कोळ्याचं जाळं जास्त दिसत होती. "प्रवासाचा हेतू? पर्याय आहेत: सुट्टी, व्यवसाय, शिक्षण, नातेवाइकांची भेट, इतर."

"भेट घ्यायला मी पाहुणी आहे? इतर लिहा."

"इतर म्हणजे काय ते लिहावं लागतं."

"लेकीचं घर शिस्तीत आणणे," त्या सावकाश, मला लिहिता यावं अशा बेतानं म्हणाल्या. "जावयाला वळण नाही. 'नाही'वर अनुस्वार देऊ नका."

फॉर्मच्या शेवटी, पुढे काही विचारायचं झाल्यास म्हणून फोन नंबर आणि पत्ता मागतात. देणं सक्तीचं नसतं, लोक देत नाहीत. सासूबाईंनी दिला. माझ्या घरचा.

प्रश्न ३. मुलाखतीतील गोपनीय माहिती आपण कोणास सांगितली काय?

सांगितली असती तर आज घरात माझी ही दशा झाली असती का?

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिल्या दिवशी बॅगा उघडल्या, दुसऱ्या दिवशी माझी कपाटं उघडली. खिडकीजवळची माझी आरामखुर्ची (घरातली एकमेव धड खुर्ची!) त्यांच्या कमरेला फार मानवली. दिवसभर उभा राहून मी घरी यायचो आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचो. स्टुलाचा एक पाय आखूड. मी बसलो की ते लंगडायचं, उठलो की मी.

पंधरा दिवस झाले. वीस झाले. एका सकाळी बायकोनं मला मोरीपाशी गाठलं. "अहो, आई कधी जाणार, तुम्हाला काही बोलली का?"

"मी सांगू शकत नाही."

"म्हणजे माहीत आहे!"

"माहीत आहे की नाही, हेही मी सांगू शकत नाही."

"अहो, मी बायको आहे तुमची!"

"त्या गोष्टीची कायद्यात तरतूद नाही," मी म्हणालो.

यानंतर आठ दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. सासूबाई मात्र आरामखुर्चीतून सगळं बघत होत्या. एकदा ती बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "सरकार पक्कं आहे हो तुमचं." माझ्या जिभेवर किती शब्द आले आणि मी ते किती गिळले! माझं पोट त्या दिवसांत सुटलं ते जेवणानं नाही.

प्रश्न ४. आकड्यातील अनपेक्षित वाढ कशामुळे झाली असे आपणास वाटते?

वजनामुळे! हे मला विचारताच कशाला? 'वजनकाट्या'ला विचारा!

वजनकाटा म्हणजे आमच्या ऑफिसातल्या गणिती बाई. मी आणलेल्या प्रत्येक उत्तराला त्या वजन देतात. दीडशे माणसांतला एक विचारला, म्हणजे तो एक दीडशेंच्या वतीनं बोलतो. शिवाय आम्ही सगळ्या पाळ्या मोजत नाही, सोळांतली एकच मोजतो. म्हणून दीडशे गुणिले सोळा. एकेका माणसाच्या पाठीवर दोन हजार चारशे! फिरायला येणारे पुष्कळ सापडतात, त्यात एखादा इकडचा तिकडे झाला तरी कळत नाही. पण सत्तरीपुढची, एकटी, वर्षाहून जास्त राहायला आलेली बाई तिमाहीत किती सापडणार? एकच सापडली.

सासूबाई दोन हजार चारशे झाल्या!

'लेकीचं घर शिस्तीत आणणे' हा हेतू कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून वजनकाट्यानं नवा रकाना उघडला: 'कौटुंबिक सुधारणा'. आकड्याला फुली लावून खाली बारीक अक्षरांत लिहिलंसुद्धा, 'नमुना लहान, आकडा जपून वापरावा.' पण बारीक अक्षरं कोण वाचतं? गेल्या तिमाहीत आकडा शून्य होता. शून्यावरून दोन हजार चारशे म्हणजे किती टक्के वाढ, हे काढताच येत नाही. पेपरवाल्यांनी काढलं! 'वृद्ध महिलांच्या आगमनात अमर्याद वाढ!!'

मग जे सुरू झालं! आरोग्य खात्यानं विचारलं, गुडघ्यांचे डॉक्टर किती लागतील? गृहनिर्माणवाले म्हणाले, तळमजल्यावरची घरं कमी पडणार. विरोधी पक्षानं सभागृहात प्रश्न टाकला, 'या महिला नेमकी कोणाच्या घरात सुधारणा करणार आहेत?' एका फर्निचरवाल्यानं जाहिरात दिली: खास ज्येष्ठ मातांसाठी आरामखुर्च्या!

घरी तो सत्तेचाळिसावा दिवस होता. नाश्त्याला बायकोनं बातमी मोठ्यानं वाचली. सासूबाईंनी चष्मा काढला.

"दोन हजार चारशे? कोण गं या बायका?"

"परदेशातून आल्यात, आई. वर्ष वर्ष राहायला."

"लाज नाही वाटत? लेकीबाळींच्या उरावर बसायला निघाल्यात!" सासूबाई संतापून म्हणाल्या. "आणि कौटुंबिक सुधारणा म्हणे! स्वतःचं घर नीट ठेवलंय का कधी? माझ्यासारखं यावं, पंधरा दिवस राहावं, जावं!"

मी चहाचा घोट घेतला होता. तो नाकातून आला.

"बघा," सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सरकारी माणसालासुद्धा हसू आलं."

प्रश्न ५. फेरमुलाखतीच्या वेळी नेमके काय घडले?

आकडा गळ्याशी आला तेव्हा सरासरी साहेबांनी फॉर्म काढला आणि 'उत्तरदात्यास प्रत्यक्ष भेटून खातरजमा करावी' या कलमाखाली स्वतः निघाले. पत्ता बघितला, पण कुणाचा आहे ते बघितलं नाही. रविवारी सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं.

"तुम्ही इथे काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"राहतो, साहेब."

त्यांनी हातातला पत्ता बघितला, दारावरची पाटी बघितली, मला बघितलं. मी त्यांना पाठीमागच्या दारानं नेऊन सगळं समजावणार होतो. आमच्या घराला पाठीमागचं दार नाही, हे मला तेव्हा आठवलं. तोवर ते दिवाणखान्यात पोचले होते आणि बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. साहेबांनी आरामखुर्चीतल्या बाईंना नमस्कार केला आणि फॉर्म उघडून, घरादाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला:

"आपण बारा महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी आलात, हे खरं आहे का?"

पेला खाली पडला.

"काय?" बायको.

"सरकारनं शब्द मोडला!" सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "गोपनीय म्हणाला होतात! जावयानं दोन महिने तोंड उघडलं नाही, बायको बोलायची थांबली तरी उघडलं नाही, आणि तुम्ही मोठे साहेब, आल्या आल्या चव्हाट्यावर मांडता?"

"बाई, खातरजमा म्हणून..." साहेब सरासरीपेक्षा बरेच लहान झाले.

बायको माझ्याकडे वळली. "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत होतं?"

"सांगू शकत नाही," मी म्हणालो. सवयीनं.

मग ती आईकडे वळली. आवाज बारीक झाला होता. "आई, मला का नाही सांगितलंस?"

सासूबाई खाली बसल्या. "तू विचारलंस कधी? तू रोज विचारायचीस, आई कधी जाणार. फोनवरसुद्धा, जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवू का. त्या दिवशी त्या पट्टीपाशी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, किती दिवस राहायचंय. सांगून टाकलं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "तिकडे घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही गं."

बायकोनं पडलेला पेला उचलून ठेवला. माझ्याही जिभेवर काहीतरी आलं होतं, ते मी गिळून टाकलं. मला सवय झाली होती.

"राहा," बायको म्हणाली. "पण 'शिस्त' हा शब्द काढायचा नाही."

"बघू," सासूबाई म्हणाल्या, "विचारून सांगते." आणि दोघी हसल्या.

इथे सगळं संपलं असतं! सगळं गोड झालं होतं! साहेबसुद्धा फॉर्म मिटत होते. "म्हणजे उत्तर खरं आहे. आकडा कायम."

"कसला आकडा?" सासूबाईंनी विचारलं.

साहेबांनी समजावलं. दीडशे, सोळा, गुणाकार. सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हणजे पेपरातल्या त्या दोन हजार चारशे निर्लज्ज बायका..."

"आपणच."

त्या ताडकन उठल्या. पत्र्याच्या डब्यातून माहितीपत्रक काढलं. अकरा वर्षांत मी हजारो लोकांना ते पत्रक दिलंय. एकानंही वाचलं नाही. यांनी वाचलं होतं. शिसपेन्सिलीनं खुणा केल्या होत्या!

"हे काय छापलंय, साहेब? पान तीन. 'एखादी व्यक्ती मागे जाऊन पुन्हा आल्यास तिची गणना एकदाच करावी.' मी दोनदा आले. छत्री राहिली होती. माझा नंबर एकशे एकोणपन्नास. दीडशेवा तो कोटातला मेला! मला त्या बायकांत धरू नका, मी एकटीच आहे."

सरासरी साहेब माझ्याकडे वळले. इतका सावकाश वळलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

सोमवारी आकडा मागे घेतला. मंगळवारी पेपरात आलं: 'दोन हजार चारशे वृद्ध महिला एका रात्रीत बेपत्ता!!' बुधवारी पोलीस चौकशीला आले. फर्निचरवाला अजून येतो. आणि जी बाई आमच्या खिडकीत बसून माझ्या वळणावर देखरेख ठेवते आहे, ती सरकारी आकडेवारीनुसार या देशात आलेलीच नाही!

प्रश्न ६. आपल्याकडून काही चूक झाली काय? (हो / नाही)

आता हा काय प्रश्न झाला! पत्रक वाचणाऱ्या बाईची चूक नाही? पेपरवाल्यांची नाही? पत्ता कुणाचा ते न बघता दारात येणाऱ्या साहेबांची नाही? छत्री कठड्याला टेकवणं ही चूक नाही?

अंगठ्याचं म्हणाल तर... सासूबाई परत आल्या तेव्हा मला दिसलं होतं. टक् झालं आणि त्याच क्षणी कळलं. पण टकटक्याला मागे जाता येत नाही. झालेली टक् रद्द करायची तर लाल शाईनं नोंद करावी लागते, आणि अकरा वर्षांत माझ्या वहीत लाल शाईचा एक ठिपका नव्हता. खुर्ची दहा पावलांवर होती. मी ठिपका वाचवला.

म्हणून मी 'हो'वर फुली मारली. अगदी लहान. आणि खाली लिहिलं, 'अकरा वर्षांत फक्त एक चूक.'

खुलासा वजनकाट्याकडे गेला. खुर्ची त्यांनाच मिळाली, चाकांसकट. काल त्यांनी मला माझी फाईल दाखवली. दांडी ओढून खुर्ची जराशी उंच केली आणि म्हणाल्या, "आम्ही तुमच्या सगळ्या पाळ्या थोड्याच तपासतो! नमुन्यात एक चूक सापडली, म्हणजे तिला वजन द्यावं लागतं."

फाईलमध्ये लिहिलंय: 'एकूण चुका: २४००.'

खाली बारीक अक्षरांत एक टीपही आहे. पण बारीक अक्षरं कोण वाचतं?